मेथडिस्ट मंडळी, लोणावळ्याची

पुणे जिल्ह्यातील लोणावळा या घाटमाथ्यावरील गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळी. रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेल्या इंग्रजी भाषिक कुटुंबांत तिचा आरंभ झाला. येथे भरणाऱ्या वार्षिक शिबिरसभांमुळे तिचे नाव पश्चिम भारतातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात सर्वत्र परिचित झाले. सभासदसंख्येच्या दृष्टीने ही मंडळी लहानच होती. परंतु बदलीने येणाऱ्या व बदलीने जाणाऱ्या परक्या लोकांचा धर्मसंघ एखाद्या भूमीत रुजतो कसा, त्यासाठी त्याला कोणते बदल स्वीकारावे लागतात, या प्रश्नाच्या अभ्यासाला तिचा इतिहास उपयुक्त आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनातील एका महत्त्वाच्या वळणाशीही या स्थळाचा संबंध आहे.

स्थान व वसाहत : लोणावळे हे मावळ तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. ६२५ मी. उंचीवर वसले आहे. पश्चिमेस बोरघाटाचा उतार, पूर्वेस इंद्रायणीचे खोरे व दक्षिणेस मुळशी तालुक्याचा डोंगराळ प्रदेश अशी त्याची परिस्थिती आहे. कोकणातील बंदरे व देशावरील बाजारपेठा यांना जोडणारी वाट प्राचीन काळापासून याच परिसरातून जात असे. या वाटेवरून मालाबरोबर धर्मविचारही वर आले. जवळच्या कार्ले येथील बौद्ध चैत्यगृहाच्या स्तंभांवरील लेखांत धेनुकाकट येथील यवन दात्यांचा उल्लेख येतो. परदेशी व्यक्तींनी या डोंगरात उपासनास्थानाला हातभार लावावा, ही गोष्ट येथे एकोणिसाव्या शतकात प्रथमच घडली असे म्हणता येत नाही.

आधुनिक लोणावळ्याची घडण मात्र रेल्वेने केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा पुणे–खंडाळा हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. घाटाचे काम त्याहून फार अवघड होते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतच्या सु. २५ किमी. अंतरात मार्ग सु. ५५८ मी. वर चढतो. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले व अनेक उंच पूल बांधावे लागले. मधल्या एका ठाण्यावर गाडीची दिशा उलट करण्याचीही योजना होती. बांधकामाचे एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवून पूर्ण केले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर येथे राबत होते. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग वाहतुकीस खुला झाला.

चढावर गाडीला जादा इंजिने जोडणे, ती माथ्यावर सोडविणे, त्यांची दुरुस्ती करणे, उतारावर गतिरोधकांची काळजी घेणे, या सर्व कामांसाठी माथ्यावर मोठा कर्मचारिवर्ग ठेवणे आवश्यक झाले. लोणावळ्यात इंजिनांचा कारखाना निघाला. त्याच्याभोवती चालक, फिटर, गार्ड व कारकून यांची वसाहत उभी राहिली आणि १८७७ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. कौशल्याच्या व अधिकाराच्या जागांवर मुख्यतः यूरोपीय आणि त्या काळी ‘यूरेशियन’ म्हटले जाणारे अँग्लो-इंडियन लोक होते; श्रमाची कामे स्थानिक व देशावरून आलेले मराठी मजूर करीत. एकाच गावात, परंतु निरनिराळ्या चाळींत आणि निरनिराळ्या भाषांत राहणारे हे दोन समाज लक्षात घेतल्याशिवाय येथील मंडळीचा पुढील इतिहास समजत नाही.

शेजारच्या मुळशीची स्थिती याहून वेगळी होती. तेथून लोहमार्ग गेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता आणि तेथील भातशेती करणारी मावळी गावे बराच काळ आपल्या जुन्या चाकोरीत राहिली. त्या खोऱ्यातील मोठे स्थित्यंतर धरणामुळे झाले. टाटा कंपनीच्या जलविद्युत् प्रकल्पाविरुद्ध १९२१–२४ या काळात तेथे सत्याग्रह झाला व सेनापती बापट (१८८०–१९६७) यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. रेल्वेबरोबर येणारी नवी संस्थाजीवने लोणावळ्यात रुजली आणि तीस-चाळीस किमी. अंतरावरील मुळशीत त्यांचा मुख्य प्रवाह पोहोचला नाही, याचे कारण भूगोलापेक्षा दळणवळणात शोधावे लागते.

मेथडिस्ट पंथाचे स्वरूप : मेथडिस्ट पंथाचा उगम अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला. ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाच्या शिस्तबद्ध धर्माचरणाची थट्टा करण्यासाठी वापरलेला ‘मेथडिस्ट’ हा शब्दच पुढे पंथाचे नाव बनला. जॉन वेस्ली (१७०३–९१) हा या चळवळीचा प्रवर्तक होय. १७३९ पासून त्याने ब्रिस्टल येथे उघड्या मैदानात प्रवचने देण्यास प्रारंभ केला. चर्चमध्ये न येणाऱ्या खाणकामगारांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग होता. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सु. बारा जणांचे वर्ग करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. वर्गणी जमविण्यासाठी योजलेले हे वर्ग लवकरच परस्परांच्या आचरणाची विचारपूस करणारे, अडचणीत साहाय्य करणारे व एकत्र प्रार्थना करणारे घटक बनले. वर्गनायक हा बहुधा सामान्य कामकरी सभासदच असे.

अनेक मंडळ्यांचे मिळून एक मंडल करावयाचे आणि पाळकाने त्यात ठराविक क्रमाने फिरावयाचे, ही पंथाची दुसरी विशेष पद्धत होय. अमेरिकेत १७८४ मध्ये स्वतंत्र मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाल्यावर तेथील विरळ वस्तीच्या प्रदेशात घोड्यावरून फिरणारे पाळक ही एक संस्थाच बनली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथेच शिबिरसभांची प्रथा वाढीस लागली. दूरदूरची कुटुंबे रानात तंबू ठोकून काही दिवस एकत्र राहत आणि सकाळ-संध्याकाळ प्रवचने व प्रार्थना चालत. मंदिर नसले तरी वर्ग भरू शकतो, कायम पाळक नसला तरी फिरता पाळक येऊ शकतो आणि वर्षातून एकदा सर्वांना एकत्र आणता येते, अशी ही रचना होती. ठाण्याठाण्यांवर विखुरलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना ती साहजिकच सोयीची ठरली. येथे घोड्याची जागा आगगाडीने घेतली.

पश्चिम भारतातील आगमन : अमेरिकन मेथडिस्टांचे भारतातील कार्य १८५६ मध्ये विल्यम बटलर यांनी सुरू केले. त्यांचे क्षेत्र अयोध्या व रोहिलखंड हे होते. १८५७ च्या उठावात बरेली सोडून त्यांना नैनिताल येथे आश्रय घ्यावा लागला आणि १८५८ मध्ये त्या डोंगरी गावी मेथडिस्ट मंदिराच्या उभारणीस प्रारंभ झाला. भारतातील अमेरिकन मेथडिस्टांच्या प्रारंभीच्या मंदिरांपैकी एक अशा रीतीने थंड हवेच्या ठिकाणी उभे राहिले. लोणावळ्याची कथा मात्र निराळी आहे. तेथील मंडळी आश्रयार्थींची नव्हती, तर कामगारांची होती.

मराठी प्रदेशात इतर मिशने आधीपासून काम करीत होती. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ पासून चालू होते व अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र होते. मुंबई व पुणे येथे स्कॉटिश मिशनही कार्यरत होते. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये असा संकेत असल्याने मेथडिस्टांनी या भागात येण्याचे कारण नव्हते. ही स्थिती विल्यम टेलर (१८२१–१९०२) या अमेरिकन प्रवचनकाराच्या आगमनाने पालटली. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या काळात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचने करून त्याने नाव मिळविले होते. उत्तर भारतातील मेथडिस्टांच्या निमंत्रणावरून तो १८७० मध्ये भारतात आला. १८७१ च्या अखेरीस अहमदनगरहून तो मुंबईस गेला आणि तेथील सभांतून निर्माण झालेल्या गटांची १८७२ मध्ये मेथडिस्ट मंडळी बनली. त्याच वर्षी पुण्यातही कार्य सुरू झाले.

टेलरचे म्हणणे असे होते, की मुंबई इलाख्यातील इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य लोकांकडे, विशेषतः यूरेशियनांकडे, कोणाचेच पुरेसे लक्ष नाही. त्यांची मंडळी उभारल्याने कोणाच्या क्षेत्रावर आक्रमण होत नाही. या मंडळ्यांनी अमेरिकेतून पैसा घेऊ नये, पाळकाचा खर्च स्वतः चालवावा आणि पुढे देशी भाषा जाणणाऱ्या आपल्या सभासदांकरवी भारतीयांत धर्मप्रसार करावा, अशी त्याची योजना होती. स्वावलंबनाचे हे तत्त्व त्या काळच्या मिशन पद्धतीहून वेगळे होते व त्यावर बराच वाद झाला. मुंबईतील ज्येष्ठ मिशनरी जॉर्ज बोवेन (१८१६–८८) हे या नव्या मंडळीत सामील झाले. मिशनचा पगार सोडून अत्यंत साधेपणाने राहणारे बोवेन बाँबे गार्डियन या पत्राचे दीर्घकाळ संपादक होते. ‘मुंबईचा गोरा संत’ असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या नैतिक वजनामुळे नव्या पंथाला प्रतिष्ठा लाभली.

पुण्यातील प्रारंभीच्या सभांत सामील झालेल्यांपैकी विल्यम ओल्डम (१८५४–१९३७) हा तरुण विशेष उल्लेखनीय आहे. बंगलोर येथे जन्मलेला व सरकारी मोजणी खात्यात नोकरी करणारा ओल्डम १८७३ च्या सुमारास पुण्यात मेथडिस्ट झाला. १८८५ मध्ये त्याने सिंगापूर येथे मेथडिस्ट कार्याचा पाया घातला व पुढे तो बिशप झाला. पुण्यातील ओल्डम मेथडिस्ट चर्च हे त्याच्या नावाने ओळखले जाते.

रेल्वेमार्गावरील मंडळ्या : १८७२ नंतरच्या काही वर्षांत मेथडिस्ट कार्य मुंबईहून लोहमार्गाच्या दोन्ही फाट्यांवर पसरले. आग्नेयेकडील फाट्यावर लोणावळा व पुणे, ईशान्येकडील फाट्यावर इगतपुरी व भुसावळ ही ठाणी महत्त्वाची ठरली. इगतपुरी हे थळघाटाच्या माथ्यावरील ठाणे. तो घाटमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि तेथेही इंजिनांचा कारखाना व रेल्वे वसाहत होती. लोणावळा व इगतपुरी या दोन्ही गावांचे हे साम्य ध्यानात घेतले म्हणजे मेथडिस्ट मंडळ्यांचा नकाशा हा वस्तुतः रेल्वेच्या इंजिनघरांचा नकाशा होता, हे स्पष्ट होते. या भागातील कार्याची संघटना १८७६ मध्ये दक्षिण भारत वार्षिक परिषदेत झाली व १८९२ मध्ये मुंबईची स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

अशा मंडळीचे बळ व दुर्बलता एकाच कारणातून उद्‌भवत असे. रेल्वे कर्मचाऱ्याला नियमित वेतन मिळे. त्यामुळे टेलरला अभिप्रेत असलेले स्वावलंबन येथे शक्य झाले. वर्गाच्या बैठका घरांतून भरत. पाळ्यांच्या नोकरीमुळे रविवारी मोकळीक नसलेल्या माणसालाही आठवड्यातून एकदा सोबत्यांत बसता येई. मद्यपानापासून दूर राहण्याविषयीचा पंथाचा आग्रह गाडी हाकणाऱ्यांच्या वसाहतीत केवळ धार्मिक महत्त्वाचा नव्हता, त्याला व्यावहारिक अर्थही होता. परंतु कर्मचाऱ्याची बदली झाली, की वर्गनायक जाई, वर्गणी जाई आणि घरात भरणारी बैठकही मोडे. पाळकांच्या नेमणुकाही पंथाच्या नियमानुसार दर काही वर्षांनी बदलत. ज्या मंडळीत पाळक व सभासद दोघेही प्रवासी, तिला स्थैर्य येण्यास गावातच जन्मलेल्या लोकांचा आधार लागतो आणि प्रारंभीच्या इंग्रजी मंडळीत तोच नव्हता.

शिबिरसभा : लोणावळ्याला व्यापक कीर्ती मिळाली ती शिबिरसभांमुळे. मुंबई व पुणे यांच्या दरम्यानचे स्थान, रेल्वेची सोय, थंड हवा आणि गावाजवळची दाट झाडी या कारणांनी हे स्थळ अशा सभांना अनुकूल होते. पावसाळ्यात येथे अतिवृष्टी होत असल्याने तंबूंतील वास्तव्य कोरड्या ऋतूतच शक्य होई. सभांची पद्धत मेथडिस्टांची असली, तरी उपस्थिती त्यांच्यापुरती मर्यादित नव्हती; विविध प्रॉटेस्टंट पंथांचे मिशनरी, रेल्वेतील कुटुंबे आणि भारतीय ख्रिस्ती लोक येथे एकत्र येत. पहाटेची वैयक्तिक प्रार्थना, दिवसातून अनेकदा प्रवचने व गायन, स्वतःच्या अनुभवाची ‘साक्ष’ देणे असा सर्वसाधारण क्रम असे. एरवी वेगवेगळ्या बाकांवर, किंबहुना वेगवेगळ्या मंदिरांत बसणारे गोरे व मराठी ख्रिस्ती काही दिवसांपुरते एकाच झाडीखाली बसत, हे या सभांचे सामाजिक वैशिष्ट्य होय.

पंडिता रमाबाई व लोणावळा : रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शारदासदन सुरू केले व १८९० मध्ये ते पुण्यास हलविले. संस्थेत धर्मशिक्षण सक्तीचे नसावे, असे ठरले होते. तथापि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून वाद उद्‌भवला. केसरीने संस्थेवर कठोर टीका केली व १८९३ मध्ये रा. गो. भांडारकर, म. गो. रानडे आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पुण्यातील सुधारकांचा आधार सुटल्यानंतरच्या या काळात रमाबाई लोणावळ्याच्या शिबिरसभांना जाऊ लागल्या.

१८९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर भरलेल्या अशा एका सभेच्या वेळी त्यांच्यासमवेत ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या सु. पंधरा मुली होत्या. सूर्योदयापूर्वी रानातील एकांत जागी प्रार्थना करीत असता या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढील शिबिरसभेपर्यंत पंधराच्या दोनशे पंचवीस मुली व्हाव्यात, अशी प्रार्थना करण्याची प्रेरणा आपणास झाली, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्या वेळी सदनातील एकूण मुलींची संख्याही याहून बरीच कमी होती. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सु. तीनशे अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा उद्रेक झाल्याने शहरात त्यांना ठेवणे शक्य नव्हते. त्यांची व्यवस्था केडगाव येथील शेतावर करण्यात आली व तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

श्रद्धावंतांना यात प्रार्थनेचे फळ दिसते. टीकाकारांना दुष्काळाने असहाय झालेल्या मुलींचे धर्मांतर दिसते. इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. लोणावळ्याच्या सभांनंतरच्या वर्षांत रमाबाईंच्या कार्याचा भर उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणापुरता मर्यादित न राहता सर्व जातींच्या निराधार स्त्रियांच्या आश्रयाकडे वळला. आणि त्यांचा धर्मविचार कोणत्याही एका चर्चच्या चौकटीपेक्षा वैयक्तिक अनुभवावर अधिक आधारलेला झाला. दुसऱ्या बाबीत मेथडिस्ट परंपरेशी त्यांची जवळीक स्पष्ट दिसते, जरी त्या स्वतः मेथडिस्ट झाल्या नाहीत.

ही जवळीक पुढे मिनी एब्रॅम्स (मृत्यू १९१२) या अमेरिकन मेथडिस्ट स्त्री-मिशनरीमुळे दृढ झाली. १८८७ मध्ये मुंबईस आलेल्या एब्रॅम्स यांनी मराठी आत्मसात केली आणि १८९८ मध्ये त्या मुक्तिसदनात रमाबाईंच्या साहाय्यास गेल्या. जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात धार्मिक संजीवनाची मोठी लाट उसळली. तिचे विवेचन करणारी पुस्तिका एब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये लिहिली व चिली देशातील मेथडिस्ट पाळक विलिस हूव्हर यांच्या पत्नीकडे पाठविली. दोघी शिकागो येथील एकाच प्रशिक्षण विद्यालयातील होत्या. १९०९ मध्ये व्हाल्पाराईसो येथे झालेल्या आणि चिलीतील मोठ्या पेंटेकोस्टल चर्चांना जन्म देणाऱ्या चळवळीमागील प्रेरणांत या पुस्तिकेची गणना होते. पुणे जिल्ह्यातील घटना अशा रीतीने दक्षिण अमेरिकेच्या धर्मेतिहासाचा भाग बनल्या.

मराठी कार्य : टेलरच्या योजनेतील दुसरा भाग, म्हणजे इंग्रजी मंडळ्यांनी मराठी लोकांत कार्य करणे, पहिल्या भागाइतका सहजसाध्य ठरला नाही. कारखान्यातील अधिकारी व त्याच्या हाताखालचा मजूर यांचे नाते मंदिरात एकाएकी बदलणे कठीण होते. शिवाय मराठी ख्रिस्ती बहुधा गरीब व सामाजिकदृष्ट्या दलित समाजांतून आलेले असल्यामुळे पाळकाचा सर्व खर्च चालविणे त्यांना परवडत नव्हते. त्यामुळे मराठी शाळा, वसतिगृहे व प्रचारक यांसाठी परदेशी मदत घ्यावीच लागली आणि स्वावलंबनाचे मूळ तत्त्व शिथिल झाले. पंथातील स्त्रियांनी १८६९ मध्ये बॉस्टन येथे स्थापिलेल्या विदेशी मिशन संस्थेने पाठविलेल्या स्त्री-मिशनरींचा या कार्यात मोठा वाटा होता. मावळातच तळेगाव दाभाडे येथे मेथडिस्टांनी मुलींसाठी वसतिगृहासह शाळा चालविली. घरोघर जाऊन वाचन शिकविणाऱ्या व शास्त्रपाठ सांगणाऱ्या मराठी ‘बायबलबाया’ हा मिशनरी व गाव यांच्यातील खरा दुवा होता. मिशनच्या अहवालांत मात्र त्यांची नावे क्वचितच येतात.

उपासनेची भाषा बदलली, की उपासनेचे स्वरूपही बदलते. मराठी मेथडिस्टांनी वेस्ली बंधूंच्या गीतांची भाषांतरे घेतली. पण त्यांच्या गायनाला रंग आला तो ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आदी मराठी ख्रिस्ती कवींच्या पदांमुळे. टिळक हे अमेरिकन मराठी मिशनशी संबंधित होते. तथापि त्यांची गीते उपासना संगीत या संग्रहाद्वारे सर्वच मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झाली. अभंग, भजन व कीर्तन या रूपांना मिळालेल्या या स्थानामुळे वर्गाच्या बैठकीला वारकरी भजनी मंडळाचे काहीसे साधर्म्य लाभले. दोहोंतही पुरोहितापेक्षा सहगायनाला व अनुभवकथनाला अधिक महत्त्व असते. देहू व आळंदी ही क्षेत्रे लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्याच काठी आहेत, हे लक्षात घेता हे साधर्म्य या प्रदेशात विशेष अर्थपूर्ण ठरते.

विसाव्या शतकातील स्थित्यंतरे : १९२९ मध्ये मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण पुण्यापर्यंत पूर्ण झाले. वाफेच्या इंजिनांची गरज कमी होताच घाटमाथ्यावरील इंजिनघराचे पूर्वीचे महत्त्व ओसरले आणि ज्या वसाहतीवर इंग्रजी मंडळी उभी होती तिचा पाया ढासळू लागला. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाली. रेल्वेच्या ठाण्यांवरील इंग्रजी मंडळ्या यामुळे आटल्या व मेथडिस्ट कार्याचा भार मराठी सभासदांवर व पाळकांवर आला.

संघटनेतही बदल झाले. जसवंतराव चितंबर (१८७९–१९४०) या मूळ मराठी घराण्यातील धर्मोपदेशकाची १९३०-३१ मध्ये बिशपपदी निवड झाली; भारतातील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत. १९३९ मध्ये अमेरिकेतील तीन मेथडिस्ट शाखांचे एकीकरण झाल्यावर येथील चर्च ‘मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया’ या नावाने ओळखले जाऊ लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट चर्चांच्या विलीनीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अँग्लिकन व ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट यांसह सहा चर्चे त्यात सामील झाली. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्टांनी मात्र दीर्घकाळ वाटाघाटींत भाग घेऊनही ऐनवेळी बाहेर राहण्याचा निर्णय केला. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक गावांत अँग्लिकनांची जुनी मंदिरे एका संघटनेत, तर मेथडिस्ट मंदिरे दुसऱ्या संघटनेत, अशी स्थिती निर्माण झाली. ७ जानेवारी १९८१ रोजी ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त चर्च अस्तित्वात आले. पुणे जिल्ह्यातील मेथडिस्ट मंडळ्या त्याच्या मुंबई प्रादेशिक परिषदेच्या कक्षेत येतात.

मूल्यमापन : लोणावळ्यातील मेथडिस्ट कार्याचे यश कोणत्या मापाने मोजावयाचे, यावर त्यासंबंधीचा निर्णय अवलंबून राहील. सभासदसंख्या किंवा वास्तुवैभव हे माप मानल्यास ते अल्प होते. ज्या समाजासाठी त्याचा आरंभ झाला, तो समाज तीन पिढ्यांत येथून जवळजवळ नाहीसा झाला. स्वावलंबनाचे तत्त्व वेतनदार वर्गापुरतेच टिकले आणि वर्णभेदाची भिंत ओलांडण्यास मंडळीला दीर्घ काळ लागला. परदेशी पैसा व सत्तेची छाया यांमुळे महाराष्ट्रीय समाजात मिशनविषयी निर्माण झालेला संशयही निराधार म्हणता येणार नाही.

याउलट, मंदिराहून माणसांच्या लहान गटावर, पाळकाहून सामान्य वर्गनायकावर व विधीहून वैयक्तिक अनुभवावर भर देणारी जी पद्धत या पंथाने आणली, ती आणणाऱ्यांच्या मागे टिकून राहिली. इंग्रजी भाषिक रेल्वे कर्मचाऱ्यांनी जोपासलेल्या त्या पद्धतीचे स्वामित्व अखेरीस मराठी बोलणाऱ्यांकडे आले. इंग्रजी भजनांच्या जागी अभंग आले आणि परगावच्या पाळकाच्या जागी मराठी पाळक आला. टेलरने १८७२ मध्ये कल्पिलेले संक्रमण अशा रीतीने घडले, परंतु त्याने कल्पिलेल्या मार्गाने नव्हे. इंग्रजी मंडळीने मराठी लोकांना आपल्यात सामावून घेतले नाही. इंग्रजी मंडळी ओसरल्यावर मराठी मंडळीने तिचा वारसा चालविला. घाटमाथ्यावरील इतर रेल्वे ठाण्यांच्या धर्मजीवनाचा अभ्यास करतानाही हा क्रम लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते.